पाणंदीला पाणी

धरणेंद्र मगदुमांनी आजवर उसाला पाणी पाजलं होतं, हळदीला पाजलं होतं, द्राक्षबागेला ठिबकनं थेंब थेंब दिलं होतं. पण एप्रिलच्या भर उन्हात, विहिरीनं तळ दाखवायच्या दिवसांत, रस्त्याला पाणी पाजायची वेळ त्यांच्यावर त्यांच्या सुनेनं आणली.

"आण्णा, परवा रविवारी सांगलीहून गाड्या येणार आहेत बघायला. त्याच्या आधी आपली पाणंद भिजवाल का?" शुक्रवारी सकाळी चहाचा कप हातात देताना दीपालीनं विचारलं, तेव्हा आण्णांना वाटलं, सून धुरळ्याबद्दल बोलतेय.

"शिपडतो की चार बादल्या. त्येला काय हुतंय."

"शिंपडायची नाही, भिजवायची. जुलैत असते तशी. चिखल पाहिजे."

आण्णांनी कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली, "आगं, ऐकलंस का? सूनबाई पाणंदीला दारं मोडा म्हणत्यात."

आतून आक्काताईंचा आवाज आला, "मग मोडा की. तुमी कवा नाव काढण्याजोगं काम केलंय? आता सूनच सांगतीया तर करा."

तसं बघायला गेलं तर दीपालीच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. मगदुमांचं घर पलूसपासून थोडं आत, मळ्यात. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत दीड किलोमीटर पाणंद, सगळी काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती इतकी कडक की वरून शेजारच्या मळ्यातल्या हंबीररावांची तीन पोरं बसवलेली स्कूटरसुद्धा तोऱ्यात जायची. पावसाळ्यात मात्र तिचा शिरा व्हायचा, आणि मधल्या खोलगटात तर गुडघाभर. शोरूमवाले गाडी दाखवायला येणार एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये काय, बैलगाडीलाही दहापैकी दहा मार्क पडतील.

दीपाली माहेरची रहिमतपूरची, साताऱ्याला एम.एस्सी. केलेली. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचून ती थांबत नसे, खालचा बॅच नंबरही वाचे. ब्राह्मीसाठी झोपाळा बांधला तेव्हा पोरीला बसवण्याआधी तिनं त्यावर खताचं पोतं बसवून अर्धा तास झुलवलं होतं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. "पोतं पडलं न्हाई न्हवं?" असं आक्काताई पुढं आठ दिवस सगळ्यांदेखत विचारत होत्या.

या गाडीसाठी तिनं शंभर पानी वही घातली होती. मधल्या सीटला पट्टा कुठल्या प्रकारचा, गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, पाण्यात किती खोलपर्यंत चालते, बाळाची खुर्ची कुठल्या हुकाला अडकते, असे एकूण एकतीस प्रश्न. तिच्या नवऱ्यानं, जिनेशनं, वही चाळून बघितली आणि म्हणाला, "दीपाली, आपण गाडी घेतोय, जावई नाही."

जिनेश शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनियर. सोमवारी पहाटे जायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा. आठवडाभर खोलीवर बसून त्यानं मोबाईलवर गाड्यांचे इतके व्हिडिओ बघितले होते की त्याच्या मते खडकावर चढणं, नदीतून उडी मारणं हा सगळा हातचा मळ होता. त्याला छताला काच असलेली गाडी हवी होती. आक्काताईंना चढायला सोपी हवी होती. आण्णांना कुठलीही चालणार होती, फक्त अक्षय्य तृतीयेला दारात पाहिजे.

दीपालीला काय हवं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तो वहीतला बत्तिसावा प्रश्न होता, आणि तो तिनं लिहिलाच नव्हता.

गेल्या श्रावणातली गोष्ट. मंगळवार. सकाळी दहाच्या सुमाराला तीन वर्षांच्या ब्राह्मीला धाप लागली. छाती आत-बाहेर, ओठ निळसर. घरातली जुनी छोटी गाडी आण्णांनी काढली ती चाळीस पावलांवर पोटापर्यंत रुतली. ट्रॅक्टर भाड्यानं कुणाच्या तरी रानात. शेवटी आण्णांनी नातीला खांद्यावर टाकलं आणि गुडघाभर चिखल तुडवत डांबरी गाठली. मागं दीपाली, एका पायात चप्पल, छातीशी औषधाची पिशवी. पलूसच्या डॉक्टरांनी वाफ दिली आणि अर्ध्या तासात पोरगी बिस्किट मागायला लागली. सगळे हसले. दीपालीसुद्धा हसली. पण तिचा तो अर्धा तास अजून संपला नव्हता.

त्यानंतर हिवाळ्यात ती पलूसला ड्रायव्हिंग शिकली, लायसन्स काढलं आणि ते दागिन्यांच्या डब्यात ठेवलं. तिच्या हातात मात्र कुणी किल्ली दिली नाही आणि तिनंही मागितली नाही. सवय नव्हती, एवढंच.

शनिवारी आण्णांनी दारं मोडलं, पाटाचं पाणी पाणंदीत वळवलं. आता, पाण्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला अर्धवट भिजवणं जमत नाही. पाणी द्यायचं तर मुळापर्यंत, हा त्यांचा धर्म. सकाळी आठला मोटर चालू केली ती लाईट जाईपर्यंत. खोलगटाला त्यांनी दोन्ही अंगांनी बांध घातला, पाणी साठवलं, मुरलं की पुन्हा सोडलं, वर फावडं घेऊन कडेला उभे. हंबीरराव स्कूटर ढकलत आले आणि चाक काढता काढता त्यांची टोपी चिखलात पडली.

"आण्णा, पाणंदीत काय लावलंय म्हणायचं? भात?"

"सुनंला इचार."

"लावलंय ते लावलंय, पण जरा खत बी टाक गड्या. नुसत्या पाण्यावर न्हाई यायचं."

संध्याकाळी जिनेश आला तो पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून. "हा काय प्रकार?" त्यानं विचारलं. आण्णांनी अभिमानानं सांगितलं, "जुलै."

रविवारी चारला दोन गाड्या डांबरीवर येऊन थांबल्या. एक पांढरीशुभ्र, काचेच्या छताची, आणि दुसरी उंच, राखाडी, चौकोनी. पहिली प्रियंका कांबळेनं चालवत आणली होती, दुसरी शोरूमच्या तानाजीनं. प्रियंका पंचविशीची, शोरूमचा निळा शर्ट, आणि गाडी वडिलांच्या टेंपोवर शिकलेली, त्यामुळं रस्त्याकडं बघायची तिची नजर विक्रेत्याची नव्हती. तिनं पाणंदीकडं बघितलं, मग निरभ्र आभाळाकडं बघितलं.

"मॅडम, तुम्ही फोनवर रस्ता थोडा ओलसर आहे म्हणाला होता."

"थोडा आहे ना," दीपाली वही उघडत म्हणाली.

मगदूम मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली होती. आक्काताईंनी उतरल्या उतरल्या गाड्यांना नावं ठेवून टाकली, म्हशींना ठेवतात तशी. पांढरी ती ढवळी. उंच ती हत्तीण.

ढवळीवर सगळ्यांचा जीव जडला. आक्काताई साडी न सावरता आत बसल्या. ब्राह्मीनं काचेतून वर बघत जाहीर केलं की तिला कावळ्याचं पोट दिसतंय. जिनेशनं स्टिअरिंगवर असा हात फिरवला की दीपालीनं वहीत काहीतरी खोडल्यासारखं केलं. "बघ, कशी लोण्यासारखी चालते," तो म्हणाला, आणि लोणी हजारभर पावलं चाललं. खोलगटात शिरताच ढवळीनं एकदा मान हलवली आणि बसली. बसली ती बसलीच.

मागून आण्णा सवयीनं ट्रॅक्टर घेऊन आलेच होते. साखळी बांधून त्यांनी ढवळीला उलटी ओढत डांबरीवर आणलं. तानाजी बिचारा न बोलता बादली शोधायला लागला.

"आण्णा, पाणी जरा जास्तच झालंय हो," जिनेश म्हणाला.

"जुलैला जाऊन सांग."

हत्तीणीची पाळी आली. पण आधी आक्काताई चढायच्या होत्या. त्यांनी पाय वर टाकला, खाली घेतला, दुसरा टाकला, खाली घेतला. "ही गाडी हाय का माडी?" शेवटी आण्णांनी ट्रॉलीतून द्राक्षाचा रिकामा क्रेट आणून उलटा घातला, प्रियंकानं हात धरला, जिनेशनं मागून आधार दिला आणि आक्काताई आत जाऊन पडल्या. "आता मला उतरायला लावशीला तर बघा," त्यांनी बजावलं.

तेवढ्यात दीपाली ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, मी चालवणार आहे ना?" जिनेशनं विचारलं.

"हो, हो. फक्त एक बघायचंय. आण्णा, ब्राह्मीचा हात धरून गाडीच्या नाकासमोर उभे राहा बरं. आता एकेक पाऊल मागं जा. मी सांगेन तेव्हा थांबा."

आण्णा आणि नात मागं मागं चालू लागले. सातव्या पावलाला ब्राह्मीच्या डोक्यावरची क्लिप बॉनेटच्या वर आली. दीपालीनं सात लिहिलं. मग सीटच्या बाजूची कळ ओढून सीट वर केली आणि पुन्हा सगळी कवायत करवली. पाच. तिनं पाचखाली दोन रेघा ओढल्या.

"मॅडम, मी मिलिटरीवाल्यांना गाड्या दिल्यात," प्रियंका म्हणाली, "त्यांनीही असं कधी बघितलं नाही."

"त्यांच्या अंगणात पोरं खेळत नसतील."

प्रियंकाच्या चेहऱ्यावरचं विक्रीचं हसू गेलं आणि दुसरं, खरं हसू आलं. दीपालीनं सीट सोडली, जिनेश चालवायला बसला आणि प्रियंका त्याच्या शेजारी. मध्ये बाळाच्या खुर्चीत ब्राह्मी, तिच्या शेजारी दीपाली, पलीकडं आक्काताई. "आता ट्रॅक्टर लागायचा नाही, तुम्हीपण या," असं प्रियंकानंच आण्णांना म्हटलं, म्हणून आण्णा मागच्या बाकावर क्रेट मांडीवर घेऊन बसले. ट्रॅक्टर डांबरीवरच राहिला.

निघताना ब्राह्मीची पाण्याची बाटली कुठं ठेवायची असा प्रश्न पडला. जिनेशनं ती गिअरशेजारच्या एका छोट्या दांड्याला पट्ट्यानं अडकवली. "ही बघ, बाटलीसाठी सोय पण केलीये यांनी."

"सर, तो दांडा..." प्रियंकानं तोंड उघडलं.

"हो, हो, मी बघितलंय सगळं. व्हिडिओत." आणि जिनेशनं गाडी सोडली.

व्हिडिओतली माणसं चिखलात वेगानं शिरतात, म्हणून तोही वेगानं शिरला. दोन्ही बाजूंनी काळ्या मातीचे पंखे उडाले. ब्राह्मी टाळ्या पिटायला लागली. दीपाली मात्र दोन सीटमधून पुढच्या काचेखालच्या दिव्यांकडं बघत होती. वहीच्या अकराव्या पानावर तिनं चार चाकांचं एक छोटं चिन्ह काढून ठेवलं होतं, चारही चाकांना जोर मिळाला की पेटणारं, आणि ते चिन्ह पेटलेलं नव्हतं.

"अहो, ते चिन्ह पेटलेलं नाही."

"एक मिनिट गप्प बस गं, मला लक्ष लागू दे."

"सर, मॅडम बरोबर..."

"आलंच, आलंच, आता निघतेय बघा..."

हत्तीण निघाली नाही. खोलगटाच्या बरोबर मध्यावर ती उभी राहिली, मागची चाकं गरगरली, आणि थोडी आणखी खाली गेली. मागच्या बाकावरून आण्णा म्हणाले, "जिन्या, ह्यो बी व्हिडिओ काढ."

जिनेश उतरला. बूट चिखलात राहिला, पाय वर आला. प्रियंका उतरली, आण्णा क्रेट घेऊन उतरले. आक्काताई हलल्या नाहीत. "मी काय उतरत न्हाई. चढायला अर्धा तास लागलाय." मग त्यांनी मावळतीकडं बघितलं. सूर्य पलीकडच्या उसाच्या शेंड्यापासून दोन हात वर होता. मगदुमांच्या जैन घरात दिवस मावळला की कुणी घास तोंडात घालत नाही, आणि भाकरी होती घरात, पाणंदीच्या त्या टोकाला.

"आवं," त्या आण्णांना म्हणाल्या, "ट्रॅक्टर आणा बिगीनं. न्हाईतर आज उपासच घडतोय."

"आणतो की. जायला-यायला वीस मिनिटं." आण्णांनी धोतर खोचलं.

"थांबा आण्णा," दीपाली म्हणाली. "ट्रॅक्टर नको."

ती अजून आतच होती. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांनी वळून बघितलं.

"ट्रॅक्टरनंच ओढायची असेल तर गाडी कशाला घ्यायची? ट्रॅक्टर आहेच की आपल्याकडं. श्रावणातही होता. दुसऱ्याच्या रानात होता." तिनं श्वास घेतला. "अहो, मला एकच सांगा. घेतली गाडी, समजा. मंगळवारी ती कुठं असणार?"

"मंगळवारी?" जिनेश एका पायात बूट घालून उभा होता. "मंगळवारी... माझ्याबरोबर. शिरवळला. कंपनीच्या पार्किंगमध्ये. पत्र्याची शेड आहे, ऊन लागत नाही," असं म्हणता म्हणता त्याचा आवाज आपोआप खाली आला. कुठला मंगळवार ते त्याला आठवलं होतं. त्या दिवशी त्याला फोन लागला तेव्हा सगळं संपून ब्राह्मी बिस्किट खात होती, आणि तो म्हणाला होता, बरं झालं, काळजीचं काही नाही ना मग.

आक्काताईंनी ब्राह्मीच्या खुर्चीवरून हात लांब करून सुनेच्या पाठीवर ठेवला. "चालवतीस?" त्यांनी विचारलं.

"चालवते."

"मग बस म्होरं. सूर्य काय थांबणार हाय व्हय?"

दीपाली उतरली. चिखलात पाय घोट्यापर्यंत गेले. आधी तिनं गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, चाकांखाली बघत, पुढं काही नाही ना ते बघत.

"प्रदक्षिणा झाली का?" जिनेशनं विचारलं, पण बांधावरून, हळू आवाजात.

सीट वर. आरसे. पट्टा. प्रियंका शेजारी बसली. दीपालीनं आधी छोट्या दांड्यावरची बाटली काढली आणि मागं ब्राह्मीच्या हातात दिली. क्लच दाबला, गिअर मोकळा केला, दांडा ओढला. कट्, असा आवाज आला आणि काचेखाली चार चाकांचं चिन्ह पेटलं.

"अगं बाई," बांधावरून जिनेश म्हणाला, "बाटलीचा हुक!"

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दीपालीच्या कानशिलावरून घाम ओघळला. "पडू दे," प्रियंका हळूच म्हणाली. "मीपण पहिल्यांदा टेंपो उसात घातला होता. आता पुढं नको. आधी मागं, आपल्याच चाकोरीतनं. दोन हात आल्यावर मग दुसऱ्या गिअरवर पुढं. पळवायचं नाही, चालवायचं."

हत्तीण मागं सरकली. हातभर, दोन हात. मग पुढं. चाकांनी एकदा घसरून बघितलं आणि मग काहीतरी धरलं. ते धरलेलं दीपालीला स्टिअरिंगमधून हातात कळलं, पीठ मळताना एका क्षणी कळतं तसं. तिनं पाय तेवढाच ठेवला. ना जास्त, ना कमी. चिखल चाकांशी कुरकुरत होता, गाडी पायी जाणाऱ्या माणसापेक्षाही हळू चालली होती. बाजूनं बांधावरून आण्णा खांद्यावर क्रेट घेऊन चालत होते आणि गाडीच्या पुढं निघून गेले होते. खोलगट संपला. चढ आला. तोही गेला. घराचा पत्रा दिसायला लागला तेव्हा आक्काताई म्हणाल्या, "बया, ढवळीपरीस हीच बरी. कंबर हलली, पर पोचवलं."

अंगणात गाडी थांबवून दीपालीनं हँडब्रेक ओढला आणि तसाच घट्ट धरून ठेवला. सोडायला विसरली. ब्राह्मी मागून म्हणाली, "आई, पुन्हा!"

आण्णांनी क्रेट दारात उलटा मांडला. आक्काताई एकेक पाय टेकवत उतरल्या आणि त्याच वेगानं स्वयंपाकघरात गेल्या. सूर्य उसाला टेकायच्या आत पानं वाढली गेली. प्रियंकालाही बसवलं. जिनेश सगळ्यात शेवटी आला, पायांना गुडघ्यापर्यंत काळे मोजे घातल्यासारखा, आणि आण्णांनी त्याला पायरीवरच अडवून हौदाकडं बोट दाखवलं.

जेवणं झाल्यावर प्रियंकानं बुकिंगचा फॉर्म काढला.

"कुणाच्या नावावर लिहू?"

जिनेशनं तोंड उघडलं. आण्णा पानावरून उठता उठता म्हणाले, "दीपाली जिनेश मगदूम लिवा."

"आणि काचेचं छत?" जिनेशनं शेवटचा प्रयत्न केला.

"हवं असंल तर मागच्या ट्रॉलीत बसत जा," आक्काताई म्हणाल्या. "सगळं आभाळ दिसतंय."

"अहो, पण मग मी शिरवळला जायचं कशानं?"

"आजवर कशानं जात हुतास?" आण्णांनी विचारलं. "यष्टी काय बंद पडली न्हाई अजून."

प्रियंकानं मान खाली घालून लिहिलं. "आणखी काही जोडून हवंय का मॅडम? पाय टेकवायला बाजूच्या पायऱ्या मिळतात."

"पायऱ्या नगंत," आक्काताई म्हणाल्या. "माझा क्रेट हाय की. त्यो फकस्त मागं बांधून द्या."

दीपालीनं वही उघडली. एकतीस प्रश्नांखाली तिनं बत्तिसावा आकडा घातला, प्रश्न लिहिलाच नाही, नुसती बरोबरची खूण केली.

सोमवारी पहाटे जिनेश बॅग घेऊन अंगणात आला, तेव्हा एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. आण्णांनी मुळापर्यंत पाजलेलं पाणी एका दिवसात वाळणार नव्हतं. पाच-सहा दिवस तरी पाणंद जुलैच राहणार होती. हत्तीण सांगलीला परत गेली होती, ट्रॅक्टर रात्रभर डांबरीवरच उभा होता, आणि साताऱ्याची बस कुणासाठी थांबणार नव्हती.

त्यानं पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली. बूट हातात घेतले. बॅग डोक्यावर ठेवली आणि चालायला लागला. अंगणापासून चाळीस पावलांवरच त्याचा एक पाय वर येईना. तो हलला, डुलला, पुन्हा हलला.

दारात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या दीपालीनं त्याच्याकडं बघितलं. आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं. मग तोंडाशी हात नेऊन ती मोठ्यानं ओरडली, "अहो! आधी मागं या! आणि छोटा दांडा टाका!"